तळाची शिवण

बायकोला मारायची वेळ धुडकूला बरोबर कळायची. बारा तास लूमच्या खात्यात उभं राहून त्याचे कान बहिरे झाले होते, नजर अधू झाली होती, पण हे एक घड्याळ वर्षानुवर्षं बिनचूक चाललं. भागीरथी गोल डब्याचा तळ शिवायला बसली, निम्मी शिवण पुरी झाली, की तो खाटेवरून उठायचा.

आता हे नीट सांगायला हवं, नाहीतर वाचणारा म्हणेल, बाई उठून पळाली का नाही. गोल डबा शिवतात तो असा. भिजवलेल्या चामड्याची पट्टी लाकडी कालबुतावर, म्हणजे साच्यावर, गुंडाळायची, उभी शिवण घालायची आणि मग कालबूत काढून खालून गोल चकती बसवायची. हा तळ. डबा दोन गुडघ्यांत घट्ट धरायचा. आरीने तिरकं भोक पाडायचं, मेण लावलेल्या एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया, एक डावीकडून, एक उजवीकडून, दोन्ही त्याच भोकातून. मग दोरा दोन्ही तळव्यांना एकेक वेढा देऊन, हात पार बाजूला फाकवून कचकन ओढायचा. असे एकशे बारा टाके. मशीनची सुई त्या कोपऱ्यात शिरत नाही, म्हणून तर हे काम सुरतेतल्या नवागामच्या दहा बाय बाराच्या खोलीत येऊन पडलं. आणि चामडं ओलं आहे तोवर तळ एका बैठकीत पुरा व्हायला हवा. मध्येच सोडला तर चकती सुकताना आक्रसते, वाकडी होते, आणि मग तो डबा ब्रह्मदेव आला तरी सरळ होत नाही.

म्हणजे ऐन शिवणीत बाईचे दोन्ही हात दोऱ्यात, गुडघ्यांत डबा, आणि तोंड, छाती, पाठ सगळी उघडी. हात मोकळे असले की त्याच हातांत आरी असायची, चामडं कापायची रापी असायची, ठोकायची लाकडी मोगरी असायची. धुडकू तेवढा मूर्ख नव्हता.

"काय वं, कान फुटनात का तुना?" असं काहीतरी ओरडायचा. हाकेला ओ न देण्याचं निमित्त त्याला पुरायचं. मग कानाखाली, मग पाठीत लाथ, रंगात आला तर केस धरून डोकं भिंतीवर. भागीरथी डबा सोडायची नाही. ओठ फुटायचा, रक्त चामड्यावर पडू नये म्हणून ती मान वळवून ते बाजूला थुंकायची आणि पुढचं भोक पाडायची. या हट्टाला काय म्हणावं मला अजून कळत नाही. राग मात्र येतो, आणि तो नुसता धुडकूचा येत नाही.

हट्ट तिच्या बापाचा. पारोळ्याच्या बाजारात तो विहिरीच्या मोटा शिवायचा. विहिरींवर इंजिनं आली, मोटा गेल्या, मग बैलांचे पट्टे आणि चाबूक शिवू लागला. भागीरथी सात वर्षांची असताना तिने एका मोटेचा तळ अर्ध्यावर टाकला आणि शेजारच्या पोरींसोबत चिंचा पाडायला गेली. बापाने तिला फरफटत आणलं आणि त्याच मोटेच्या ओल्या पट्ट्याने तिच्या तळहातांवर मारलं, सालटं निघेपर्यंत. "तळ धरा का सोडाना नही," एवढंच म्हणत होता, प्रत्येक फटक्याला एकदा. तिच्या हातावरचे वळ गेले. वाक्य काही गेलं नाही.

अठराव्या वर्षी लग्न झालं. पहिलं मूल धुडकूच्या लाथेने पोटातच गेलं. डॉक्टरला सांगितलं, मोरीत पाय घसरला. पुढे अर्धं गाव सुरतेला लूमवर आलं तसा धुडकूही आला, आणि दारूबंदीच्या राज्यात देशीची पोटली कुठे मिळते हे त्याला घर मिळायच्या आधी कळलं. इथेच हर्षदा झाली. ती चार वर्षांची असताना उधन्याच्या एका कारखान्यातल्या रंजनाबेन गल्लीत हाताने चामडं शिवणारी बाई शोधत आल्या. बांगड्यांचे गोल डबे, घड्याळांचे गोल डबे, मोठमोठ्या शोरूमचे. भागीरथीने एक डबा शिवून दाखवला. रंजनाबेनने तो उलटापालटा करून पाहिला, तळावरून अंगठा फिरवला आणि दुसऱ्या दिवशी चामड्याचा गठ्ठा पाठवून दिला.

वीस वर्षं झाली त्याला. कितीतरी श्रीमंत घरांतल्या कपाटांत तिचे डबे असतील. त्यांतले काही भागीरथी डोळे मिटून ओळखू शकली असती. मार पडला की हात आपोआप जास्त जोरात ओढला जायचा. त्या जागी दोनचार टाके चामड्यात खोल रुतलेले असायचे, बोट फिरवलं की लागायचे. रंजनाबेन म्हणायच्या, तुझा टाका कधी कधी फार कडक येतो. भागीरथी म्हणायची, हो, येतो कधी कधी.

हे सगळं हर्षदा पाहायची. मोरीजवळ पाटीवर शुद्धलेखन काढत. पोरीला डबा दिसत नव्हता, दोरा दिसत नव्हता, सुकणारं चामडं तर नाहीच नाही. तिला दिसायचं ते एवढंच, की बाप मारतो आणि आई दोन्ही हात बाजूला करून बसून राहते. मार असाच खायचा असतो, असं तिने धरून घेतलं. आणि भागीरथीला एकदाही सुचलं नाही की पोरीला जवळ घेऊन सांगावं, बाई गं, हे डब्यासाठी आहे, त्याच्यासाठी नाही.

बाविसाव्या वर्षी हर्षदाचं लग्न झालं. नवरा धर्मेंद्र, कोसाडच्या वसाहतीत राहणारा, एका डाइंग मिलमध्ये मशीनवर. मुलगा पीत नाही, एवढ्यावर धुडकू खूश झाला होता. पीत नव्हता हे खरं. शुद्धीवर राहून मारायचा.

दोन वर्षांत हर्षदा तीनदा माहेरी आली आणि तीनदा परत धाडली गेली. पहिल्यांदा पट्ट्याचे वळ होते, दुसऱ्यांदा मनगटावर इस्त्रीचा डाग, तिसऱ्यांदा काय ते तिने दाखवलंच नाही. दरवेळी धर्मेंद्रचा काका भिकन मध्यस्थीला यायचा, जावयाला टॉवेल-टोपी आणि नारळ दिला जायचा, चहा व्हायचा आणि हर्षदा पिशवी उचलून त्यांच्यामागे चालू लागायची. भागीरथी दारात उभी राहून पाहायची आणि मग आत येऊन तळ शिवायला बसायची.

चौथ्यांदा ती फाल्गुनात आली, भर दुपारी, एकटी, रिक्षाने. ओढणी हनुवटीखालून डोक्यावर करकचून बांधलेली. ओढणी सोडली तर तोंड एका बाजूला लोंबलं. कुकरच्या झाकणाने जबडा दोन ठिकाणी मोडला होता. भाजीत मीठ जास्त पडलं होतं म्हणे. तोंडातून लाळ आणि रक्त गळत होतं आणि पोरगी ते ओढणीच्या टोकाने पुन्हा पुन्हा पुसत होती, आईची फरशी खराब होऊ नये म्हणून.

भागीरथीने तिचे हात उचलून पाहिले. दंडावर, मनगटावर, बोटांवर एकही खूण नव्हती. तिला ते समजेना. माणूस झाकण उगारतो तेव्हा हात आपोआप वर जातो, हाताला लागतं, आधी हाताला लागतं.

"हात आडा नही करा का तू?" तिने विचारलं.

हर्षदाला बोलवत नव्हतं. तरी ती बोलली, एकेक शब्द जिभेने ढकलत.

"तू कव्हय करे, माय?"

तीस वर्षांतला सगळा मार भागीरथीला त्या एका ‘तू कधी करायचीस?’इतका लागला नव्हता. ती तशीच पोरीचे हात धरून बसली. सांगावंसं वाटत होतं की अगं माझे हात दोऱ्यात होते, मी बांधलेली होते, तू तर मोकळी होतीस. पण पोरीच्या तोंडातून रक्त गळत होतं. ती उठली आणि तिला दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरांनी जबडा तारेने बांधला. दीड महिना तोंड उघडायचं नाही, दातांच्या फटीतून नळीने पातळ प्यायचं. आणि सांगितलं ते भागीरथीने नीट लक्षात ठेवलं: याच जागी पुन्हा मार बसला तर जबडा कायमचा जाईल, आणि नेम चुकून जरा वर बसला तर पोरगी जाईल. हर्षदा आता कोसाडला परत गेली तर जिवंत येणार नव्हती. यात समजायला अवघड काही नव्हतं. धुडकूलाही समजलं होतं. तो फक्त म्हणाला, "बघू."

नवव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला धर्मेंद्र आला. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, सोबत भिकन काका. भागीरथी दाराजवळच्या उजेडात कामाच्या पाटापुढे बसून तळ शिवत होती. अठ्ठावन्न टाके झाले होते. हर्षदा भिंतीला टेकून बसली होती, ती उभी राहिली.

"संसारमा आसं व्हतच ऱ्हास, बई," भिकनने बसायच्या आधीच सुरुवात केली. हेच वाक्य तो चौथ्यांदा म्हणत होता.

धुडकूने पेटी उघडून टॉवेल-टोपी काढली. आधीच आणून ठेवली होती त्याने, कधी आणली कोण जाणे. ती पाहून भागीरथीच्या हातातला दोरा क्षणभर थांबला.

"पोरीले धाडी दे," धुडकू म्हणाला. "पाव्हणा सोता उना शे."

"तिले मी धाडस नही," भागीरथी खाली बघूनच म्हणाली. आणि एकोणसाठावं भोक पाडलं, आरी पाटावर ठेवली, सुया ओवल्या. हे तिचं आयुष्यभराचं चुकणं. बोलायची तोंडाने, पण हात डब्यातच.

धर्मेंद्र हसला. "मामी, टाइम नही मनाकडे. दुपारनी पाळी शे." त्याने हर्षदाकडे मान केली. "चाल वं."

हर्षदा हलली नाही. आयुष्यात पहिल्यांदा हलली नाही. तो दोन पावलं पुढे आला आणि त्याने तिची वेणी मनगटाला गुंडाळून तिला खाली ओढलं. ती पाटापाशी गुडघ्यांवर आपटली. तोल सावरायला त्याने डावा हात भागीरथीच्या पाटावर टेकला, वेणी उजव्या हातात, आणि उजवा गुडघा उचलून तिच्या बांधलेल्या जबड्यावर मारला. आत तार वाजल्यासारखा बारीक आवाज झाला. बंद दातांमागून हर्षदाचं ओरडणं नाकातून बाहेर आलं. त्याने पुन्हा गुडघा मागे घेतला.

तेव्हा भागीरथीने पोरीचे हात पाहिले. दोन्ही हात बाजूला फाकवलेले, तळवे उघडे, बोटं जराशी वळलेली, दोऱ्याला वेढा दिल्यासारखी. दोरा नव्हता. हर्षदा कधी एक टाका शिवायला शिकली नव्हती आणि शिवणीतली बैठक मात्र हुबेहूब आईची होती.

भागीरथीने तळव्यांचे वेढे सोडले. डबा गुडघ्यांतून गळून पडला. तिने आरी उचलली आणि पाटावरच्या त्या हातात खुपसली, मधल्या दोन हाडांच्या फटीत. कुठे पातळ आहे आणि आरी कुठे अडत नाही हे तिच्या हाताला ठाऊक होतं. मग दुसऱ्या हाताने मोगरी घेतली आणि आरीच्या मुठीवर एक घाव घातला. आरी तळहातातून पार होऊन पाटाच्या सागवानात बोटभर शिरली.

धर्मेंद्र आधी ओरडलाच नाही. हाताकडे बघत राहिला. मग हात उचलायला गेला, तसा पाटही उचलला गेला आणि तो गुरासारखा हंबरला.

"आते सोड तिना केस," भागीरथी म्हणाली.

त्याने वेणी सोडली नाही, उलट आवळली. तिने मोगरी त्याच्या उजव्या कोपरावर मारली. वेणी सुटली.

धुडकू मागून आला. हात वर, मूठ आवळलेली, तीस वर्षांच्या सवयीने. बिचाऱ्याचं घड्याळ त्या दिवशी पहिल्यांदा चुकलं, कारण भागीरथी बसलेली होती खरी, पण हात मोकळे होते. तिने वळून खालून वर मोगरी फिरवली. मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज त्या बहिऱ्यालासुद्धा ऐकू आला असावा. तो टॉवेल-टोपीवरच बसला.

भिकन गल्लीभर ओरडत पळाला. माणसं जमली, कुणीतरी पोलिसांना फोन केला. ते येईपर्यंत धर्मेंद्र पाटाला खिळलेल्या हाताशी उकिडवा बसून होता. आरीला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. भागीरथीने हर्षदाचं डोकं मांडीवर घेतलं आणि तिच्या नाकाजवळचं रक्त पदराने पुसत राहिली, श्वास अडकू नये म्हणून.

पोलीस चौकीत एका बाई शिपायाने तिला विचारलं, "शुं काम मार्यो एने?"

"हात मोकया करना पडनात, बेन," भागीरथी म्हणाली. शिपाईबाईंनी भाषा कळली नाही म्हणून पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच सांगितलं. कागदावर काहीतरी वेगळं लिहिलं गेलं.

अकरा दिवस ती आत होती. मोफत मिळणाऱ्या वकिलांपैकी उज्ज्वलाबाई म्हणून धुळ्याच्या एक होत्या, त्यांनी जामीन करून दिला. भिकन पुन्हा एकदा तडजोड घेऊन आला: तुम्ही तुमची केस मागे घ्या, आम्ही आमची घेतो, आणि पोरगी नांदायला येऊ दे. भागीरथीने त्याला दाराबाहेरच उभं ठेवलं. चहासुद्धा विचारला नाही. आमच्याकडे याहून मोठा अपमान नाही. दोन्ही केसेस चालू आहेत, तारखा पडतात. धर्मेंद्रची दोन बोटं अजून वळत नाहीत, असं कोर्टात त्याच्या वकिलाने सांगितलं. भागीरथीला ते ऐकून वाईट वाटलं नाही. तिने तसं उज्ज्वलाबाईंना स्पष्ट सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, कोर्टात मात्र बोलू नका.

धुडकूचा हात दीड महिना प्लास्टरमध्ये होता. ती त्याला ताट वाढायची, भरवायची नाही. डाव्या हाताने सांडत खायचा. एकदा, प्लास्टर निघाल्यावर, ती तळ शिवत असताना तो जुन्या सवयीने उठून तिच्यामागे उभा राहिला. भागीरथीने दोन्ही वेढे सोडले, डबा शांतपणे जमिनीवर ठेवला आणि रिकामे हात मांडीवर घेऊन त्याच्याकडे पाहिलं. तो चपला घालून चहाच्या टपरीवर गेला.

धर्मेंद्र आला त्या दिवशी अर्धा राहिलेला डबा आकसून वाकडा झाला होता. पोलिसांनी आरी नेली, मोगरी नेली, पाटसुद्धा नेला, डबा त्यांना कामाचा वाटला नाही. रंजनाबेनने एक डबा कमी भरला म्हणून विचारलं, तेव्हा भागीरथी म्हणाली, तो मी देणार नाही. देवाच्या फळीखाली जी दुसरी फळी होती, तिच्यावर तिने तो ठेवून दिला.

आता हर्षदा तिच्या शेजारी बसते, नव्या पाटापुढे. जबडा जुळला, जरा डावीकडे कलून जुळला. कामाला हात चांगला आहे तिचा, आजोबांवर गेला असावा. पण भागीरथीची शिकवण्याची पद्धत पाहून रंजनाबेन कपाळाला हात लावतात. पोरगी तळाच्या ऐन मध्यावर असते, टाका सुंदर पडत असतो, आणि अचानक आई ओरडते, "सोड!"

सोड म्हटलं की सोडायचं. वेढे काढायचे, डबा टाकायचा, दोन्ही हात तोंडापुढे घ्यायचे. पहिल्या दिवशी हर्षदाने दोरा सोडलाच नाही, हात फाकवून डोळे मिटून बसून राहिली. दुसऱ्या दिवशी डबा सोडला, पण हात वर गेले नाहीत. सात डबे असे वाया गेले. चामड्याची भरपाई भागीरथी आपल्या कामातून करून देते आणि रंजनाबेनला म्हणते, तुमचे डबे मी शिवते ना, हिचे मोजू नका.

गेल्या आठवड्यातली गोष्ट. दुपारची वेळ, दोघी शिवत बसलेल्या. पोरीच्या तळाचे शंभर टाके झाले होते, बारा उरले होते, आणि असा साफ तळ तिच्या हातून आजवर उतरला नव्हता. भागीरथी तिरक्या नजरेने बघत होती आणि मनातल्या मनात खूश होत होती. आज सोड म्हणायचं नाही, असं तिने ठरवलंही होतं.

धुडकू पाळीला निघाला. शर्ट हर्षदाच्या डोक्यावरच्या खुंटीला होता. तो काढायला त्याने तिच्यामागून हात वर केला. बाकी काही नाही.

डबा धाडकन खाली पडला आणि घरंगळत उंबऱ्यापर्यंत गेला. हर्षदाचे दोन्ही हात तोंडापुढे होते, मनगटं एकमेकांवर, बोटं ताठ. दोरा तळव्यांतून केव्हाच सुटला होता. कुणी सोड म्हटलं नव्हतं.

धुडकू शर्टाला हात लावून तसाच उभा राहिला. मग शर्ट न घेताच, बनियनवर, दाराबाहेर निघून गेला.

हर्षदा हात खाली घेऊन उंबऱ्याकडे बघू लागली. "माय, शंभर व्हई गयतात," ती रडवेल्या आवाजात म्हणाली. "खराब व्हई गया तो."

भागीरथी उठली. डबा उचलला, पदराने पुसला, तळावरून अंगठा फिरवला. शंभरच्या शंभर टाके एकसारखे होते, एकही खोल रुतलेला नव्हता. तिने तो फळीवर नेऊन आपल्या वाकड्या डब्याशेजारी ठेवला.

"बेस जयं, चांगलं जयं," ती म्हणाली, आणि पोरीसाठी नवं चामडं भिजत घातलं.